नीती धर्मातून येते की माणसाच्या अनुभवातून?

पायवाट
१ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. मागणी एकच होती, विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं करा. ते मान्य झाल्यावरच उपोषण सुटलं. विरोधक शास्त्राचे दाखले देत होते आणि गुरुजी विठ्ठलाचंच नाव घेत होते. दोन्ही बाजूंना धर्मच होता, मग बरोबर कोण हे कशावरून ठरलं? मला वाटतं, दाराबाहेर उभ्या माणसाचा अपमान ज्याच्या जिव्हारी लागला, त्याला उत्तर सापडलं. ग्रंथातलं कुठलं वचन घ्यायचं आणि कुठलं सोडायचं, हे सांगणारी सद्बुद्धी ग्रंथाच्या आधीच माणसात असावी लागते. आगरकर काय किंवा र. धों. कर्वे काय, देवाचा आधार न घेता आयुष्यभर समाजाचा रोष सोसत राहिले.

माळकरी
ताई, बाहेर ताटकळणारा माणूस तर सगळ्यांनाच दिसत होता. चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकवून लोक आत जात आणि चोखोबांच्या जातीचे लोक बाहेरच राहत. शतकानुशतकं हेच चाललं. नुसता अनुभव पुरेसा असता तर दार केव्हाच उघडलं असतं. सर्वांभूती विठ्ठल पाहणाऱ्यालाच ते बंद दार पाप वाटतं आणि त्यासाठी प्राण पणाला लावायची ताकदही त्याच भक्तीतून येते. गळ्यात माळ पडली आणि दारू सुटली, अशी माणसं माझ्या गावात आहेत. व्याख्यान ऐकून सोडलेला एकही नाही.

पायवाट
पण दादा, त्याच विठ्ठलाची रोज पूजा करणारे का हलले नाहीत?

निळाई
तुम्ही दोघंही गुरुजींपाशीच थांबलात. जे बाहेर होते त्यांचं काय? २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. वर्षानुवर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पण ते निधर्मी झाले नाहीत, १९५६ मध्ये नागपुरात धम्म स्वीकारला. त्या धम्मात देवाच्या जागी नीती आहे आणि तिचं मूळ आहे माणसाने माणसावर प्रेम करण्याच्या गरजेत. इथपर्यंत पायवाटताईंचं खरं. पण बाबासाहेब पुढे जातात. चोरांच्या टोळीतही आपसात नीती असते, जातीतही असते, ती फक्त आपल्यापुरती. म्हणून नीती पवित्र हवी आणि सगळ्यांना सारखी लागू हवी. ही दुसरी अट आपल्या चर्चेत कुणी घेतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

माळकरी
पवित्र म्हटलंत म्हणजे श्रद्धा आलीच की! मी तेच सांगतोय. आगरकर-कर्वे मोठेच, पण एकेकटे. गावंच्या गावं बदलायची तर धर्मच लागतो.

निळाई
मार्च १९२७, महाडची परिषद. मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, असं बाबासाहेबांनी तिथे सांगितलं. गावोगावच्या लोकांनी ते सोडलं. जे घरात दुसरं काही शिजत नसताना खाल्लं जायचं, ते सोडलं. पुढच्या जन्मातलं पुण्य त्यांना कुणी कबूल केलं नव्हतं. दीक्षेला अजून २९ वर्षं होती, दादा. त्या लोकांपाशी तेव्हा फक्त स्वाभिमान होता.