फळांची हलकी उन्हाळी बिअर: गुण फळाला की बिअरला?

माल्टमित्र

फळांच्या स्वादाची हलकी उन्हाळी बिअर चाखायला घेतली की पहिली दाद फळाला जाते. "रासबेरी काय मस्त उतरलीय!" एवढं म्हणून लोक गुण देऊन मोकळे होतात. माझं मत उलट आहे. आधी बिअर धड आहे का ते बघा, फळाचं नंतर. तळाशी बिअरच नसेल तर ते फळांचं सोडावॉटर झालं, त्याला बिअर म्हणून गुण कशाला द्यायचे?

बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेची गुणपत्रिका ५० गुणांची आहे: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकंदर ठसा १०. फळांच्या बिअरबद्दल त्यांचीही अपेक्षा हीच, की फळ जाणवावं पण बिअर ओळखू यावी.

चाखताना बिअर ८ ते १० अंश सेल्सिअसला हवी. ग्लास स्वच्छ धुतलेला, तेलाचा अंश नसलेला, नाहीतर फेस बसतो आणि दोष बिअरच्या माथी जातो. ६० ते ९० मिली ओता आणि ओतल्या ओतल्या हुंगा, कारण फळाचे हलके वास आधी उडतात. मग घोट. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. तळाच्या बिअरचा, म्हणजे गव्हाचा, पावाचा वास येतो तो याच क्षणी. तिथेही नुसतं फळच आलं तर मी चवीचे निदान ५ गुण कापतो.

आणखी एक कारण आहे. फळ दोष झाकतं. सफरचंदाच्या बिअरमध्ये कच्च्या सफरचंदासारखा वास आला तर तो फळाचा नसून अर्धवट आंबल्यामुळे राहिलेल्या अॅसिटाल्डिहाइडचा असू शकतो. पीचच्या बिअरमध्ये लोण्यासारखं डायअॅसिटिल असलं तर लोक त्याला "मलईदार" म्हणून दाद देतात.

आंबटगोड

अजिबात सहमत नाही. ही बिअर ४-५ अंशांना प्यायला बनवलेली असते. तिचा आंबटपणा, तिचा गॅस, सगळं त्या थंडाव्याला धरून बेतलेलं असतं. तिला १० अंशांवर नेऊन "गोडसर आहे, ढिली आहे" म्हणणं हा अन्याय आहे.

दुसरं, "तळाशी बिअर हवी" म्हणजे नक्की काय हवं? अशा बिअरमध्ये अल्कोहोल सुमारे ४ टक्के, कडूपणा ८ ते १२ आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक), शेवटची ग्रॅव्हिटी, म्हणजे आंबून झाल्यावरची पाण्याच्या तुलनेतली घनता, १.००६ ते १.०१०. ती मुद्दाम साधी ठेवतात. कडूपणा वाढवला तर फळाच्या आंबटपणाशी त्याचं जमत नाही, घोट घशाशी खरखरतो. साध्या बिअरला "साधी आहे" म्हणून गुण कापणार का?

खरा घोळ दोन घोटांच्या परीक्षेत आहे. गोड, भडक वासाची बिअर पहिल्या घोटाला बाजी मारते आणि अर्ध्या ग्लासात नकोशी होते. म्हणून निदान २०० मिली प्या, आणि मग शेवट कोरडा आहे की जिभेवर चिकट थर राहतोय ते बघा.

माल्टमित्र

सुरुवात ४ अंशांनी करा, हरकत नाही. पण तिथेच थांबू नका. थंडीत वास दबतात, त्यात दोषही दबतात. शिवाय उन्हात पिणाऱ्याचा ग्लास अर्धा होईपर्यंत आपोआप १० अंशांच्या पुढे जातो. तेव्हा बिअर टिकते का, हे बघायला नको?

किण्व

तुम्ही दोघे गुणांवर भांडताय, पण फळाचं टाकीत काय होतं ते आधी बघू. यीस्ट फळाची साखर खाऊन टाकतं. मागे आंबटपणा, रंग, थोडा तुरटपणा आणि वासाचा काही भाग उरतो. त्यामुळे खऱ्या फळाची, पूर्ण आंबलेली बिअर ताज्या फळासारखी गोड लागूच शकत नाही. परीक्षक ताज्या फळाची चव शोधतो आणि प्रामाणिक बिअरला "फळ कमी" लिहून मोकळा होतो. माझा सगळ्यात मोठा आक्षेप यावर आहे.

फळागणिक हिशोबही वेगळा. हलक्या गव्हाच्या बिअरला रासबेरी लिटरमागे ६० ते १२० ग्रॅम पुरते. चेरी १२० ते २४०. पीच ३०० पर्यंत घातलं तरी लाजतच बोलतं. स्ट्रॉबेरीचा वास आणि रंग दोन्ही लवकर जातात, म्हणून ती ताजीच चाखायला हवी. सगळ्यांना एकच "फळ किती जोरात" ही पट्टी लावता येत नाही.

फळ मुख्य फर्मेंटेशन ओसरल्यावर घालावं. सुरुवातीलाच घातलं तर जोरात निघणारा वायू वासही सोबत घेऊन जातो. पल्प ७० ते ७५ अंशांना काही मिनिटं तापवला की पुरे. उकळला तर पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातला पदार्थ) सुटतं आणि बिअर कायमची धुरकट होते, शिवाय जॅमसारखा शिजका वास येतो. धुरकटपणाचे गुण रूपाच्या ३ मध्येच कापा, पण शिजका वास मात्र वासात आणि चवीत, दोन्हीकडे मोजा.

बाटलीतली बिअर ठळक गोड लागली तर एक प्रश्न विचाराच: यीस्ट काढलंय का, किंवा पाश्चराइज केलंय का? जिवंत यीस्टसोबत लिटरमागे ४ ग्रॅम साखर उरली तर गॅस साधारण एका व्हॉल्यूमने, म्हणजे बिअरच्या आकारमानाइतक्या वायूने, वाढतो. अडीच व्हॉल्यूमच्या बिअरमध्ये ८ ग्रॅम राहिली की साडेचार झाले. उघडताच कारंजं उडेल, किंवा बाटली फुटेल.

तळगाळ

फळाच्या वासाच्या तयार अर्काबद्दल कोणी बोलत नाहीये, पण सगळ्यांच्या बोलण्यात त्याचा राग दिसतो. ग्लासात काय आहे त्याला गुण द्या, कसं बनवलं त्याला नाही. पीचसारख्या दुबळ्या फळाला थोड्या अर्काचा आधार दिला तर बिघडलं काय?

अंदाजाने ओततात, तिथे चुकतं. १०० मिली बिअरचे चार ग्लास घ्या, पिपेटने ०.०५, ०.१, ०.१५ आणि ०.२ मिली घाला, क्रम लपवून चाखा. जो आवडेल त्याच्या खालची मात्रा निवडा. पहिल्या घोटाला नेमका वाटणारा वास पूर्ण ग्लासात जड होतो.

किण्व

अर्क वास देतो, आंबटपणा देत नाही. नाक म्हणतं रासबेरी, जिभेला काहीच सापडत नाही. ही फारकत कळतेच. चेरीच्या अर्कात तर बेंझाल्डिहाइड पुढे येतं आणि खोकल्याच्या औषधाची आठवण होते. वापरायचाच तर ८८ टक्के लॅक्टिक अॅसिड थेंबाथेंबाने, पीएच मोजत घाला, म्हणजे जीभही वासाच्या सोबतीला येईल. आणि बाटलीवर नुसतं "खऱ्या फळाची" असं लिहू नका.

चैत्रपालवी

एक गोष्ट सुटतेय. फळासारखा वास म्हणजे फळ घातलंय असं नाही. हेफेवाइझेन या जर्मन गव्हाच्या बिअरमधला केळ्याचा वास यीस्ट बनवतं, आयसोअॅमिल अॅसिटेटच्या रूपात. सिट्रा, मोझॅक या हॉप्समधून (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) आंबा, संत्रं, पॅशनफ्रूट येतं. नोंदीत घातलेलं फळ म्हणून "आंबा" लिहिलंय आणि नाकाला फक्त हॉप्स लागताहेत, तर गुण कापलेच पाहिजेत. रॅडलर आणखी वेगळं. बिअर आणि लिंबाचं गोड पेय साधारण अर्धं-अर्धं, अल्कोहोल २ ते २.५ टक्के. तिथे गोडवा हा दोष नाही, रचनाच तशी आहे.

आणि क्रम नीट लावा. सौम्य आधी, आंबट नंतर, गोड शेवटी. एका बैठकीत सहापेक्षा जास्त नको. मध्ये साधं पाणी आणि बिनमिठाचा पाव. आंबट बिअरनंतर लगेच पीचची दिली तर ती पाणचटच लागणार, बिचारीचा दोष नसताना.

आंबटगोड

क्रमाचं पटलं. किण्व यांचंही बरंचसं पटलं. पण माल्टमित्रांचे ते ५ गुण मला अजून पटत नाहीत. गहू ओळखू आला नाही म्हणून चवीतले पाच कापायचे आणि चिकट शेवटाला किती, तर त्यांनी आकडाच दिलेला नाही. माझ्याकडे चिकट शेवटाला ५ जातील, लपलेल्या गव्हाला जास्तीत जास्त २.

माल्टमित्र

चिकट शेवटाला ३ कापेन, त्याहून जास्त नाही. गोडवा पुढच्या खेपेला कमी करता येतो. गव्हाचा वासच नसेल तर माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) अख्खी यादी बदलावी लागते.