दोन महिन्यांचं पिल्लू: शी-शूची सवय

प्रश्न: रविवारी 8 आठवड्यांचं इंडी (देशी) कुत्र्याचं पिल्लू घरी येतंय. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. शी-शूची सवय कशी लावायची?

उत्तर 1: झोपून उठलं की लगेच, खाल्ल्यावर 10-15 मिनिटांत आणि खेळ थांबला की बाल्कनीतल्या कागदावर न्या. फरशी हुंगत गोल फिरायला लागलं की उचलाच. खाऊ शू संपताक्षणी, तिथेच द्या. आत आल्यावर दिलात तर ते बक्षीस आत येण्याचं ठरतं.

उत्तर 2: चुकलं तर ओरडू नका, नाक तर अजिबात घासू नका, ते सोफ्यामागे लपून करायला शिकतं. फिनाइल विषारी, ते नकोच. एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा, वास राहिला की तिथेच परत करणार.

उत्तर 3: लसी 16 आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर पार्वोमुळे (कुत्र्यांचा जीवघेणा, संसर्गजन्य आजार) रस्त्यावर उतरवू नका, पण कडेवर घेऊन जरूर फिरवा. रिक्षांचे आवाज आत्ताच कानावर पडू देत.