वय ३२, नोकरी नीट चालली आहे. आता पीएचडीला जावं का?

जलबिंदू

रसायनशास्त्रात एमएस्सी झाले आणि गेली आठ वर्षं पाणी शुद्धीकरणात काम करते. रिव्हर्स ऑस्मोसिसचे (आरओचे) खराब झालेले मेम्ब्रेन, म्हणजे दाबाने पाणी गाळणारे पातळ पडदे, आमच्याकडे येतात. ते कापायचे, उलगडायचे, आतला थर खरवडून तपासायचा आणि अहवाल लिहायचा. दोनशेच्या वर मेम्ब्रेन उघडले असतील. बहुतेकांवर तोच बुळबुळीत तपकिरी थर असतो, जिवाणूंचा. क्लोरीनने जिवाणू मरतात, पण तेच क्लोरीन मेम्ब्रेन ज्या पॉलिअमाइड नावाच्या प्लास्टिकचा असतो त्यालाही खातं. म्हणून पाणी मेम्ब्रेनमध्ये शिरण्याआधी क्लोरीन काढून टाकावं लागतं, आणि पुढे जे जिवाणू तगतात ते आत जाऊन घर करतात.

मी "जैविक थर" असं लिहून सही करते आणि पुढचा नमुना घेते. पण दोन पापुद्र्यांमध्ये जी प्लास्टिकची जाळी असते, तिच्या गाठींपाशी थर आधी धरतो हे मला दिसतं. एकाच प्रकारचं पाणी असून एक मेम्ब्रेन तीन महिन्यांत बसतो आणि दुसरा तीन वर्षं चालतो, हेही दिसतं. असं का होतं, हा प्रश्न रात्री भांडी घासतानाही डोक्यात असतो. नोकरीत त्यासाठी वेळ नाही, आणि तो कुणी देणारही नाही.

आता नेमक्या याच विषयावर पीएचडीची जागा मिळते आहे. काम चार वर्षांचं धरलं आहे, पैसे तीन वर्षांचे मंजूर आहेत. विद्यावेतन माझ्या पगाराच्या निम्म्याहून कमी. मुलगी चार वर्षांची आहे. नवरा म्हणतो, जा, आपण भागवू. आई म्हणाली, "तुझं शिकायचं वय गेलं नाही गं, पण तिचं लहानपण परत येणार नाही." त्या वाक्यापासून झोप नीट लागलेली नाही. सहा आठवड्यांत कळवायचं आहे. ज्यांनी केली, सोडली किंवा केलीच नाही, त्यांनी खरं सांगा.

तिसरा_मजला

विद्यापीठात शिकवायचं असेल किंवा संशोधन विभागाचं प्रमुखपद हवं असेल तर डिग्री लागेल, तेव्हा जा. पगार वाढेल म्हणून जात असाल तर जाऊ नका. चार वर्षांचा बुडालेला पगार आणि बढत्या भरून यायला फार वर्षं लागतात. मी हिशेब मांडला आणि गेलो नाही. खंत नाही.

स्फटिक

ताई, मी केली. प्रथिनांचे स्फटिक वाढवून त्यांची रचना शोधायची, असा विषय होता. सहा वर्षं लागली. त्यातले सलग चौदा महिने एकही स्फटिक आला नाही. रोज सकाळी थंड खोलीत जायचं, सूक्ष्मदर्शकाखाली ताटली धरायची, स्वच्छ थेंब बघायचे, नोंदवहीत "नाही" लिहायचं. त्या काळात घरी कुणी "काय चाललंय?" विचारलं तरी मला रडू यायचं. शेवटी लक्षात आलं की प्रथिनाचं एक टोक सैल हलत होतं. ते कापून टाकल्यावर अकरा दिवसांत स्फटिक आला. ती सकाळ मला आजही जशीच्या तशी आठवते.

हे सांगतोय कारण पीएचडी म्हणजे बराचसा तो "नाही" लिहिण्याचा काळ असतो. तुम्ही दोनशे मेम्ब्रेन खरवडूनही "का" विचारताय, म्हणजे तो काळ तुम्ही काढाल असं मला मनापासून वाटतं. मला काळजी दुसरीच आहे. तुम्ही विषयाबद्दल इतकं लिहिलंत आणि गाइडबद्दल एक ओळही नाही.

माझ्या सहा वर्षांतली दीड वर्षं गाइडमुळे गेली. ते दुसऱ्या संस्थेत गेले, उपकरणं सोबत नेली आणि आम्ही तिघं मागे राहिलो. हे होऊ शकतं हे मी आधी विचारलंच नव्हतं. म्हणून तुम्ही त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा, आणि ज्यांनी मध्येच सोडलं त्यांना आधी. गाइड आठवड्याला भेटतात की महिन्याला? लिहिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून परत येतं? माझं एक प्रकरण पाच महिने पडून होतं. आणि चौथ्या वर्षाचे पैसे कुठून येणार? "बघू, होईल काहीतरी" हे उत्तर मिळालं तर त्याचा अर्थ पैसे नाहीत असाच घ्या.

मुलीबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. माझा मुलगा मी प्रबंध लिहीत असताना झाला आणि त्याचं पहिलं वर्ष मला धड आठवत नाही. आईंचं म्हणणं बाजूला सारू नका.

अर्धी_वाट

मी अडीच वर्षांनी सोडली. सगळ्यात जड गेलं ते "इतकी वर्षं घातलीत, आता कशी सोडू" यातून बाहेर पडणं. वर्षभर आधीच मला कळलं होतं की प्रश्न माझा नाही, गाइडचा आहे. तरी मी ओढत राहिले. तुमचा प्रश्न तुमचा आहे, हा फार मोठा फरक आहे.

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गरट्रूड एलियन यांचं उदाहरण मला त्या काळात खूप जवळचं वाटायचं. त्या दिवसा प्रयोगशाळेत नोकरी करून रात्री ब्रुकलिन पॉलिटेक्निकमध्ये पीएचडीचे वर्ग करत होत्या. पुढे त्यांना सांगण्यात आलं की पूर्णवेळ या, नाहीतर नाही. त्यांनी नोकरी निवडली. रक्ताच्या कर्करोगावरचं मर्कॅप्टोप्युरिन हे औषध त्याच नोकरीतून आलं, आणि १९८८ चं नोबेलही. पीएचडी नसताना.

स्फटिक

एलियन यांच्याबद्दल अगदी बरोबर. पण त्यांचे वरिष्ठ जॉर्ज हिचिंग्ज यांनी त्यांना स्वतःच्या प्रश्नामागे जायची मोकळीक दिली होती. नोबेलमध्येही ते वाटेकरी होते. जलबिंदूताईंना नोकरीत ती मोकळीक नाही, खरी अडचण तीच आहे. ती मिळाली असती तर मीही म्हटलं असतं, थांबा.

ताई, अजून एक. ते दोनशे अहवाल कुणाच्या मालकीचे आहेत? प्रयोगशाळेत थर मुद्दाम वाढवणारे पुष्कळ असतात. आठ वर्षांचे खरे, वापरलेले मेम्ब्रेन पाहिलेला माणूस क्वचित. वरिष्ठांशी बोला. कंपनीत राहून पीएचडी हा मार्गही असतो. डेन्मार्कमध्ये तर तशी तीन वर्षांची योजनाच आहे, उमेदवार कंपनीचा पगारी नोकर असतो आणि विद्यापीठात नोंदणी असते. तुमच्या दोन्हीकडच्या लोकांना निदान विचारून तरी बघा.

जलबिंदू

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

पाच जुन्या विद्यार्थ्यांशी बोलले. चौघांनी पूर्ण केली, एकीने सोडली. सोडलेली पाऊण तास बोलली. गाइडबद्दल तिची तक्रार नव्हती. दर सोमवारी भेट होते, लिहिलेलं पंधरा दिवसांत परत येतं. तिने सोडली ती पैसे संपले म्हणून, चौथ्या वर्षीच. इतर चौघांनाही शेवटचं वर्ष शिकवण्या घेऊन काढावं लागलं. स्फटिकदादा, तुमचा प्रश्न विचारला नसता तर मला हे कळलंच नसतं.

मग वरिष्ठांकडे गेले. हात थरथरत होते. ग्राहकांची नावं काढून अहवाल वापरू द्यायला ते तयार आहेत. आठवड्यातले दोन दिवस काम चालू ठेवायचं, तेवढा पगार मिळेल. पूर्णवेळ नोंदणीत हे बसतं का, ते गाइड विभागाला विचारून सांगणार आहेत. चौथ्या वर्षाच्या पैशांचं मी गाइडकडून लेखी मागितलं आहे. ते लेखी आलं नाही तर मी जाणार नाही, आणि हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे.

आईला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, संध्याकाळी किती वाजता घरी येशील? मी साडेसहा म्हटलं. जुन्या विद्यार्थ्यांना हे विचारायचं राहून गेलं होतं. त्या पाचही जणांना आज पुन्हा फोन करते आहे.