चर्चा: "प्रार्थना कर हं" म्हणून सुरू होणारी वटवट

नगरकरीण
सर्वांना सलाम. गेल्या रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर चिंचेखाली चहा घेत होतो. एक मावशी जवळ सरकल्या, आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, "अगं, तिच्या मुलीसाठी प्रार्थना कर हं. सासर सोडून आलीये म्हणे." चहा संपायच्या आत मला त्या मुलीचा पगार, नवऱ्याचं पिणं, न झालेलं मूल, सगळं कळलं. प्रार्थना कुणीच केली नाही. मीही नाही. मी कान देऊन ऐकत राहिले, याचंच जास्त वाईट वाटतंय.

बायबलमध्ये प्रेषित पौल आपल्या तरुण सहकारी तीमथ्याला दुसऱ्या पत्रात (२:१६) रिकाम्या वटवटीपासून दूर राहायला सांगतो. हे वचन आपण तरुण संघातल्या पोरांच्या थट्टामस्करीवर फेकतो. माझं म्हणणं, आधी ते आपल्या चहाला लावा. ज्याचं दुःख आहे त्याला विचारल्याशिवाय प्रार्थनेची विनंती पुढे सांगूच नये.

शास्त्रवेडा
ताई, संदर्भ सोडू नका. पुढच्याच वचनात हुमनाय आणि फिलेत यांची नावं येतात. पुनरुत्थान होऊन गेलं, असं सांगून ते लोकांचा विश्वास ढासळवत होते. ग्रीक शब्द आहे केनोफोनिया, म्हणजे पोकळ आवाज. पौलाला खोटी शिकवण म्हणायची आहे, चुगल्या नव्हे. आज ती वटवट मोबाइलवर आहे: प्रभू येशूच्या पुन्हा येण्याच्या तारखा, बारकोड म्हणजे प्रकटीकरणात सांगितलेली श्वापदाची खूण, असलं काहीबाही. रात्री अकराला ते पुढे ढकलणारी माणसं सकाळी पुढच्या बाकावर बसतात. ते सोडून बायकांच्या गप्पांमागे का लागायचं?

नगरकरीण
'बायकांच्या' हे तुम्ही म्हणालात, मी नाही. पुरुषही तिथेच उभे होते. संदर्भाचं मान्य. मग मत्तयाच्या शुभवर्तमानातलं येशूचं वचन (१२:३६) घ्या: माणसं बोलतील त्या प्रत्येक व्यर्थ शब्दाचा हिशोब न्यायाच्या दिवशी द्यावा लागेल. तिथे पळवाट नाही.

जुना सभासद
मला त्या वटवटीच्या वचनाचीच धास्ती वाटते. आमच्याकडे चर्चच्या छपराच्या दुरुस्तीचा हिशोब मागितला, तर कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीत उत्तर मिळालं, "वटवट नको, प्रार्थना करा." दोन वर्षं झाली, हिशोब नाही. ज्याच्या हातात किल्ल्या, तोच ठरवतो कुणाचं बोलणं रिकामं.

आणि दुसरं. शेजारच्या घरी दोन दिवस चूल पेटली नव्हती, हे आमच्या आईला विहिरीवरच्या गप्पांतूनच कळलं. पदराखाली पायलीभर ज्वारी घेऊन ती गेली. सगळे तोंड शिवून बसले असते, तर?

नगरकरीण
हिशोब मागणं म्हणजे वटवट नाही, तुमच्या बाजूने मी उभी राहीन. पण आई ज्वारी घेऊन गेली ना दादा! आमच्या चिंचेखालून त्या घराकडे कोण गेलं?

शांताबाग
एक विचारते, रागावू नका. पगार, पिणं, मूल, एवढं सगळं तुम्ही इथे लिहिलंत. तुमच्या मंडळीतलं कुणी वाचलं तर ती मुलगी लगेच ओळखू येईल. तुम्ही तिला विचारलं होतं?

नगरकरीण
नाही विचारलं. तुमचं बरोबर आहे, आणि ते लागलं. ते वाक्य काढून टाकायला चालकांना कळवलं आहे.

शास्त्रवेडा
ताई, तुमची चूक दाखवण्याची मला हौस नाही. पण म्हणूनच मी शिकवणीपाशी थांबतो. तिथे काय खोटं ते दाखवता येतं. माणसांच्या बोलण्याला कुंपण घालायला गेलं की आपणच त्यात अडकतो.

नगरकरीण
अडकले, खरंय. तरी म्हणणं सोडत नाही. काल संध्याकाळी तिच्याकडे जाऊन आले, माफी मागितली. पुढचं तिला विचारून लिहितेय. ती म्हणाली, "मी आले की सगळे गप्प होतात, ते फार लागतं." येत्या रविवारी ती माझ्या शेजारी बसणार आहे, डावीकडून तिसऱ्या बाकावर.