गरोदरपणातल्या सवयबदलाच्या कार्यक्रमात ‘संधी’ला काय म्हणावं?

विचारणा: वजन जास्त असलेल्या गरोदर बायकांसाठी आहार-व्यायामाचा कार्यक्रम आखतोय. आधार ‘कॉम-बी’चा, म्हणजे सुझन मिची आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या आराखड्याचा: क्षमता, संधी आणि प्रेरणा असेल तर वर्तन घडतं. आशाताईंच्या टिपणात हेच शब्द ठेवावेत का? आणि ‘इंटरव्हेन्शन’ला ‘हस्तक्षेप’?

उत्तर: ‘हस्तक्षेप’ नको. गरोदर बाईच्या ताटात तो करणारे घरात पुष्कळ असतात! ‘उपक्रम’ पुरे. मला खटकते ती ‘संधी’. ती हुकली की दोष हुकवणाऱ्याचा. इथे तर बाईच्या हातात नसलेल्या गोष्टी अभिप्रेत आहेत: वेळ, पैसा, भोवतालची माणसं. भौतिक बाजूला ‘सोय’ म्हणा, सामाजिक बाजूला ‘मुभा’. चालायला धड रस्ता असणं ही सोय. ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’ म्हणत दुसरा डिंकाचा लाडू कोणी ताटात न टाकणं ही मुभा.

उत्तर: ‘मुभा’ वरून मिळते. सुनेनं परवानगी मागायची, हे आपणच छापायचं? दोन्हींसाठी ‘वाव’ घ्या. ‘तिला मनासारखं जेवायला वाव नाही’ हे कुणालाही कळतं.

उत्तर: ‘वाव’लाच माझं मत. आखणीतही तो दिसू द्या. पहिलटकरीण बहुधा सातव्या महिन्यानंतर माहेरी जाते. सासूला बसवून समजावलेलं तिथे उपयोगाचं नाही. स्वयंपाकघर आता आईचं. एक बैठक माहेरी ठेवा.

उत्तर: शब्दावरून थोडं बाजूला जातोय, पण ‘वजन घटवा’ कुठेही लिहू नका. गरोदरपणात ते उद्दिष्ट नसतं. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००९ च्या शिफारशीत गरोदर राहण्याआधीचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २५ ते २९.९ असेल तर ७ ते ११.५ किलो वाढ सांगितली आहे, ३० किंवा जास्त असेल तर ५ ते ९. म्हणून ‘वजनवाढ बेतात ठेवा’. मथळ्यात ‘मधुमेह टाळा’ही नको. ब्रिटनच्या ‘अपबीट’ चाचणीत (२०१५) लठ्ठ गरोदर स्त्रियांचा आहार सुधारला, वजनही थोडं कमी वाढलं, पण गर्भावस्थेतला मधुमेह काही घटला नाही.

विचारणा करणारा: ‘वाव’ आणि ‘बेतात’ घेतले. ‘लठ्ठ’ टिपणातून काढतोय; ‘वजन जास्त’ एवढंच ठेवतो. माहेरच्या बैठकीचा खर्च मात्र अंदाजपत्रकात धरलेला नाही, तो आता मागावा लागेल.