मदत हवी आहे: शनिवार पेठेतला वाडा, पानशेतचा पूर आणि दुसऱ्याचं घंगाळ

नमस्कार मंडळी,

आमच्या माळ्यावर तांब्याचं एक मोठं घंगाळ आहे. ते आमचं नाही. ज्यांचं आहे त्यांना ते परत द्यायचंय, पण माणसं सापडत नाहीत, म्हणून हा धागा.

आजी लग्न होऊन १९६० मध्ये पुण्याला शनिवार पेठेत आली. ओंकारेश्वराकडे उतरणाऱ्या बोळात दोन चौकी वाडा होता, सात-आठ बिऱ्हाडं. आजी-आजोबा वरच्या मजल्यावर. खाली, आडाशेजारच्या दोन खोल्यांत एक कुटुंब होतं: नवरा-बायको, एक म्हातारी सासू, तीन मुलं. गृहस्थ मिलिटरी अकौंट्समध्ये होते, म्हणून वाड्यात त्यांना 'अकौंटवाले' म्हणायचे. पंचाईत अशी की आजीलाही तेच नाव लक्षात आहे. आडनाव विचारलं की कधी गोडबोले म्हणते, कधी गोळे. वय ८७, त्यामुळे फार ताणता येत नाही.

१२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेत धरण फुटलं, दुपारी खडकवासलाही गेलं. वाड्यातले लोक पाणी बघायला नदीवर गेले होते ते धावतच परत आले. अकौंटवाल्यांच्या थोरल्याने आजीची ट्रंक डोक्यावर घेतली आणि तिला सदाशिव पेठेत तिच्या मावशीकडे पोचवून तो सासूला आणायला उलटा धावला. आजीने त्याला पाहिलं ते शेवटचं. घरची सगळी सुखरूप होती हे नंतर कळलं, पण निरोपानिरोपी.

पाणी ओसरल्यावर चौकात गुडघाभर राडा होता. खालच्या मजल्यावरची सगळी भांडी त्यात कालवली गेलेली. आजोबा आणि आणखी दोघांनी ती उपसून ओसरीवर ढीग घातला आणि नावं वाचून ज्याची त्याला दिली. (भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत किती शहाणपणाची होती, हे असं कळतं.) अकौंटवाले भांडी न्यायला आलेच नाहीत. सातारला नातेवाइकांकडे गेल्याचं कोणी सांगितलं, कोणी वाई म्हणालं. इतर किडूकमिडूक वाटेला लागलं, घंगाळ आजीने ठेवलं, "येतील न्यायला" म्हणून. आम्ही पुढे लोकमान्यनगरात गेलो, वाडा पडला, तिथे आता चार मजली इमारत आहे.

घंगाळाच्या काठाखाली ठोक्याने टिंबं टिंबं पाडून अक्षरं घातलीत. चिंच-राखेने घासून बरीच झिजलीत. मला लागलं ते असं: "..श्री. वि. गो. ...बं. शके १८७४". म्हणजे श्री. वि. गो. हे त्या गृहस्थांचं नाव असणार आणि 'बं.' म्हणजे बंधू, असा आमचा अंदाज.

आतापर्यंत केलेलं: नगर भूमापनातून प्रॉपर्टी कार्ड काढलं, त्यात फक्त मालकांची नावं. एका कार्यालयात जुन्या घरपट्टीच्या वह्या विचारल्या, तर तिथल्या बाईंनी "घंगाळासाठी?" असं विचारून खिडकी लावून घेतली. त्यांचंही बरोबर असेल.

भाडेकरूंची नावं कुठे मिळतील? पूरग्रस्तांना घरं देताना याद्या झाल्या असणारच, त्या कोणी पाहिल्यात का?

प्रतिसाद १
प्रॉपर्टी कार्डावर भाडेकरू कधीच येत नाही, तो रस्ता सोडा. मालकांचे वारस शोधा. वाडा विकसकाला देताना भाडेकरूंचे करारनामे होतात, शिवाय जुन्या मालकांकडे भाडेपावत्यांची स्थळप्रत असायची. आमच्या मालकांनी १९४० पासूनची बुकं ट्रंकेत ठेवली होती. पेठेतला माणूस घर सोडेल, पावतीबुक नाही. आणि सगळे पूरग्रस्त लोकमान्यनगरात गेले नाहीत. सहकारनगर, गोखलेनगर भागातल्या पूरग्रस्तांच्या सोसायट्यांमध्ये मूळ सभासदांची नोंदवही असते, सेक्रेटरीला गाठा.

प्रतिसाद २
मोडीत घाला, तांब्याला भाव चांगला आहे.
(गंमत केली हो.)

प्रतिसाद ३
थांबा. भांड्यावर पुरुषाच्या नावाआधी काहीतरी होतं, ते झिजलंय असं तुम्हीच लिहिलंय. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी घासा, अक्षरं उठतील. मला 'बं.'ची शंका येते. आमच्याकडच्या तांब्यावर 'व्र. बं.' आहे, व्रतबंध. मुंजीत आलेल्या भांड्यावर बटूचं नाव घालायचे. तसं असेल तर तुम्ही बापाला नाही, मुलाला शोधायला हवं.

प्रतिसाद ४
३ शी सहमत. शके १८७४ म्हणजे १९५२ च्या पाडव्यापासून. मुंजीचा मुहूर्त १९५२ चा उन्हाळा धरा, फार तर ५३ चा माघ-फाल्गुन. मुलगा आठ वर्षांचा असेल तर जन्म १९४४ च्या आसपास. तसे असल्यास शाळेचं जनरल रजिस्टर हा सगळ्यात चांगला धागा: त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव असतं, आणि शाळा मध्येच सोडली असेल तर कधी सोडली तेही. जन्मगाव कळलं की आडनावाचा कुलवृत्तांत चाळा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळींच्या वह्याही मूळ गावावरून लागतात, पुण्याचा पत्ता सांगून तिथे काही निघत नाही.
एक सूचना: अक्षरं अशी सगळी जाहीर टाकू नका. उद्या दहा गोडबोले दारात उभे राहतील.

धागाकर्ता
कालच पेन्सिल घासली. सुरुवातीला 'चि.' निघालं आणि 'बं.'च्या आधी स्पष्ट 'व्र.'! इतकी वर्षं आम्ही बटूला बाप समजत होतो.

तो कागद आजीला दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, "म्हणजे हे बाळूचं." बाळू म्हणजे तोच ट्रंक नेणारा थोरला. त्याच जूनमध्ये तो अकरावी (तेव्हाची मॅट्रिक) पास झाला होता आणि अकौंटवाल्या वहिनींनी वाड्यात पेढे वाटले होते, त्यातला अर्धा आजोबांनी सासूबाईंच्या नकळत आजीला दिला होता, हे सगळं तिला आठवलं. आडनाव तेवढं अजून नाही. १९६१ ला अकरावी म्हणजे जन्म १९४४, हिशोब जुळतो.

मालकांच्या नातवाचा फोन मिळालाय, रविवारी जातोय. पावतीबुकं आहेत म्हणाला, वाळवी किती लागलीय ते बघायचं. शाळांकडे पुढच्या आठवड्यात.

अक्षरं टाकायला नको होती हे खरं. पण घंगाळाच्या एका कडीवर आणखी एक खूण आहे, ती मी इथे लिहिलेली नाही आणि लिहिणारही नाही. ज्यांच्या घरी 'बाळू' नावाचे, साधारण ऐंशीच्या घरातले कोणी असतील, लहानपण शनिवार पेठेत आणि वडील मिलिटरी अकौंट्समध्ये, त्यांनी कृपया त्यांना विचारून मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा: मुंजीतलं घंगाळ आठवतं का, आणि त्याच्या कडीला काय झालं होतं?