ऑक्टोबरातलं रान आणि पाखरं: तुमचे अनुभव लिहा

मंजिरी_ठाणे
काल गच्चीवर गहू वाळत घालायला गेले तर टाकीच्या कठड्यावर परीट! पिवळ्या पोटाचा, शेपूट वरखाली, चालूच. हिमालयाकडून येणाऱ्या पाहुण्यांत हा पहिल्या फळीतला, सप्टेंबरपासून दिसायला लागतो. पायात कडी घालून बघितलेलं आहे म्हणे, तोच पक्षी वर्षानुवर्षं त्याच जागी परत येतो. त्याला बघून एकदम इथलं येऊरचं रान आठवलं.

शाळेत होते. सहामाही संपल्यावर मावशी तिच्या ऑफिसातल्या लोकांबरोबर घेऊन गेली होती. गवत कमरेएवढं, ओढ्याला पाणी, आणि उकाडा असा की सकाळी आठलाच कुडता पाठीला चिकटलेला. पानं एवढी दाट की आवाज शंभर आणि दिसत कोणीच नाही. बाकीचे भराभर पुढे गेले. मावशी मात्र एका खडकावर बसली ती उठेचना. "बस गं इथंच. वरात येईल."

अर्धा तास नुसते रातकिडे. मग वरच्या फांदीवर भीमराज आला, मागे ती दोन लांब तारांना लटकलेली पिसं. त्याच्यामागून निखार, सुभग, चष्मेवाले, वल्गुली, खाली नाचण. एक शिलींध्री खोडावरून डोकं खाली करून उतरत होती, सालीच्या प्रत्येक भेगेत चोच घालत, आमच्यापासून हातभर अंतरावर. पाऊस संपला, पिल्लं मोठी झाली की हे सगळे मिळून हिंडतात. एकाने पानं हलवली की किडे उडतात, ते भीमराज टिपतो. बदल्यात शिक्रा दिसला की हाच आधी ओरडतो. पाचेक मिनिटांत सगळी मंडळी पुढे, रान परत गप्प. पुढे गेलेल्यांना त्या दिवशी बुलबुल दिसले फक्त :)

तुमचंही लिहा. मोठं रानच पाहिजे असं नाही, टेकडीही चालेल.

भटकभवानी
कोळ्याची जाळी!!! कोणी बोललं कसं नाही? ऑक्टोबरात पहिला चालणारा म्हणजे जाळी साफ करणारा. माझी उंची कमी म्हणून मला कायम दुसरा नंबर, पहिला नवरा. ती मोठी रानकोळीण, पिवळट सोनेरी जाळं, तोंडावर बसलं की चिकट दोऱ्यासारखं ओढून काढावं लागतं. पक्षी काय दिसणार, डोळे मिटलेले.

शेंगदाणा
@भटकभवानी हाहा, नवऱ्याचा योग्य वापर.

पुणेरी_पगडी
सिंहगडाच्या पायथ्याची दरी. लोक ऑक्टोबरात जातात आणि डबक्यापाशी ताटकळत बसून "काहीच नाही" म्हणत परततात. अहो, सगळीकडे पाणी असताना पाखरू तुमच्या डबक्यावर कशाला येईल? ते मार्च-एप्रिलचं काम. आत्ता चालायचं आणि ऐकायचं.
दुसरं. मागच्या वर्षी एक जण मोबाईलला स्पीकर जोडून पक्ष्याचाच आवाज लावत बसला होता, फोटोसाठी. तो बिचारा पक्षी आपल्या हद्दीत दुसरा घुसला म्हणून खाणंपिणं सोडून शोधत फिरतोय. बोललो. भांडण झालं. मग तिथंच चहा प्यायलो दोघं, पण स्पीकर बंद झाला.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे दसरा म्हणजे नीळकंठ. सोनं लुटायच्या आधी आजोबा आम्हा पोरांना गावाबाहेर पळसाच्या रानाकडे न्यायचे, तो दिसल्याशिवाय घरी परत नाही. तारेवर बसलेला असला तर मातकट, कोणी ढुंकून बघणार नाही. उडाला की निळाच निळा. एकदा दिसेचना, दुपार झाली, पोटात कावळे. शेवटी धाकट्या भावाने खंड्या दाखवून "थो बघा" म्हटलं. आजोबांनी ऐकून घेतलं आणि निमूट घराकडे वळले. त्यांनाही भूक लागली असेल.
आता नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या रानात जातो अधूनमधून.

मंजिरी_ठाणे
@वऱ्हाडी_ठेचा खंड्या 😂 निळा तर आहे!

नवशिका_पक्षीमित्र
दुर्बीण कुठली घ्यावी? ८×४२ की १०×५०? बजेट कमी आहे.

कर्नाळेकर
पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास. १०×५० जड होते आणि हात हलतो. ८×४२ घ्या, रानात उजेड कमी असतो, तिथे बरी पडते.
बाकी भीमराजाबद्दल. कर्नाळ्याला हरियाल वाटेवर आमचा पूर्ण घोळका सर्पगरुडाची शीळ ऐकून माना वर करून उभा. आकाश रिकामं. परत शीळ. परत माना वर. डोक्यावरच्या फांदीवर हे महाराज बसून नकला करत होते. खाली महामार्गावर ट्रकचे हॉर्न, त्याची नक्कल अजून करत नाही हे नशीब. उण्यापुऱ्या बारा चौरस किलोमीटरचं अभयारण्य, पण पावसानंतर एकदा तरी जाच.

सुगरण_
गोचिडींसाठी काय करता? मागच्या वेळी आठवडाभर खाजवत होते. (कुकरची शिट्टी झाली, उत्तर नंतर वाचते)

भटकभवानी
पॅंट मोज्यात खोचायची, ध्यान दिसलं तरी चालेल. गवतात बसायचं नाही. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात.

फोंड्याची
आमच्याकडे गोव्यात उलटं आहे. तुमच्याकडे नवरंग पावसाच्या तोंडावर येतो, पिल्लं काढतो आणि ऑक्टोबरात निघतो ना? तो इकडे थंडीचा पाहुणा. बोंडल्याच्या अभयारण्यात वाळलेल्या पानांत खसखस झाली म्हणून उंदीर समजून मी पाय वर घेतले, तर हा! हिरवा, निळा, पोटाखाली लाल, पानं उलटून किडे खातोय. कॅमेरा गाडीत होता. असो.

लंडनकर_आजी
लेकीकडे असते. एपिंगच्या जंगलात परवा गेलो, बीचची पानं तांबूस झालीत, खाली सगळा चिखल. जे नावाचा पक्षी आहे, आपल्या टकाचोराच्या नात्यातला. ओकची फळं घशात भरून नेतो आणि एकेक जमिनीत खुपसून वर पान ठेवतो, हिवाळ्याची बेगमी. रॉबिन मात्र या दिवसांतही गातो, नर-मादी दोघंही. आणि झाडावर चक्क आपले पोपट! तसाच कलकलाट. नातू म्हणाला, आजी हे तुझ्या गावचे.

शेंगदाणा
आजी, पेरूची झाडं शोधत असतील ते तिथं.

दोन_मुलांची_आई
५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो राज्यात, २०२० पासून. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. मुलांच्या शाळेने यादी करायला सांगितली म्हणून टेकडीवर गेलो. मोबाईलमध्ये आवाज ओळखणारं मर्लिन अ‍ॅप. धाकटी त्याच्यासमोर स्वतःच शिट्ट्या मारत बसली, ते काही ओळखेना, तर रुसली. यादीत शेवटी सातभाई, तांबट, कावळा, आणि "आई ओरडली" असं लिहिलंय.

नवशिका_पक्षीमित्र
@कर्नाळेकर धन्यवाद. जुनी मिळते का कुठे?

कर्नाळेकर
माझी पडून आहे, एका बाजूची भिंग जरा धूसर. पनवेलला येणार असाल तर घेऊन जा, पैसे नकोत. मेसेज करा.

सुगरण_
मला पण हवी होती 😐